आधी वही, मग अ‍ॅनलायझर

कारखान्यांतल्या वीजपुरवठ्याच्या तक्रारी तपासणं हे माझं काम, आणि फोन बहुतेक वेळा असाच येतो. "मॅडम, सप्लाय खराब आहे. हार्मोनिक फिल्टर केवढा घ्यावा?" (हार्मोनिक म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतल्या, लाट बिघडवणाऱ्या जास्तीच्या लाटा.) मी विचारते, कोणतं मशीन, किती वाजता, डिस्प्लेवर कोणता कोड आला होता? पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "ड्राइव्ह ट्रिप होतो, कधीही होतो." कधीही ट्रिप होणारा, म्हणजे आपोआप बंद पडणारा, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) मी पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही. वेळ असतेच, फक्त कुणी लिहून ठेवलेली नसते.

म्हणून अ‍ॅनलायझरची, म्हणजे वीज सतत नोंदवणाऱ्या मीटरची, पेटी उघडायच्या आठवडाभर आधी मी मशीनजवळ एक वही ठेवायला सांगते. रकाने मोजकेच: तारीख, वेळ, मशीन, अलार्मचा कोड, त्याच सुमाराला आणखी काय चालू किंवा बंद झालं, आणि शेवटी 'दिवे झपकले का?' मोजमापाला सुरुवात करण्याआधीच अर्धं निदान या शेवटच्या रकान्यात सापडतं. दिवे झपकले आणि मग दोन-तीन मशीनं एकदम थांबली, तर व्होल्टेज पडलं. दिवे जसेच्या तसे आणि एकच मशीन थांबलं, तर आधी त्याच मशीनचं कंट्रोल सर्किट उघडा. एखादी वायर टर्मिनलमध्ये नुसती टेकलेली सापडेल. कोडही बोलतो. ड्राइव्हने डीसी बसचं (त्याच्या आतल्या डीसी भागाचं) व्होल्टेज कमी पडल्याचं सांगितलं तर डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक घसरण, शोधा. जास्त झाल्याचं सांगितलं तर कपॅसिटर चालू-बंद होतानाचा उसळा किंवा मोटरचं ब्रेकिंग, या दोन्हींवर संशय घ्या.

वही लिहायची ती ऑपरेटरने, सुपरवायझरने नव्हे. सुपरवायझर शिफ्ट संपल्यावर आठवून लिहितो.

आणि घड्याळं जुळवा. भिंतीवरचं, मशीनच्या स्क्रीनवरचं, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) आणि अ‍ॅनलायझरचं, सगळी एका मोबाइलवरून. एका ठिकाणी स्क्रीनचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. मी दोन दिवस ट्रिपच्या वेळेला व्होल्टेजच्या आलेखात काहीच दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसले होते. डिप तिथेच होता, अकरा मिनिटं पुढे.

मोजण्याआधी एक फेरी

सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा, मागा. मिळेल तो जुना असेल, हे धरून चाला. तो हातात घेऊन ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या पॅनेलपर्यंत फिरा आणि नंतर बसवलेले ड्राइव्ह, वेल्डर, यूपीएस, कपॅसिटर पेनाने त्यावर टाका. फिरताना डोळे, कान आणि नाक उघडं ठेवा. फुगलेला कपॅसिटर, काळवंडलेला न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाचा जोड), लोड फारसा नसतानाही घुमणारा ट्रान्सफॉर्मर, जळक्या इन्सुलेशनचा वास. थर्मल कॅमेरा असेल तर भर शिफ्टमध्ये वापरा. रिकाम्या फीडरवर (पॅनेलला वीज नेणाऱ्या केबलवर) सैल जोडही थंडच दिसतो.

न्यूट्रलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सैल न्यूट्रलने मला सर्वांत जास्त फसवलं आहे. एका ऑफिस-कम-टेस्टिंग विभागात पॉवर सप्लाय सारखे जळायचे. फेज ते फेज तिन्ही व्होल्टेज व्यवस्थित, ४०० च्या आसपास. फेज ते न्यूट्रल मोजलं तर एका फेजवर २५२, दुसऱ्यावर २०९, आणि लोड बदलला की आकडे जागा बदलायचे. एक फेज चढताना दुसरा उतरत असेल, तर आधी न्यूट्रलच्या बोल्टपाशी जा. तिथेही तेच निघालं. तोवर त्यांनी स्टॅबिलायझरची ऑर्डर देऊन टाकली होती.

जोडणी

अ‍ॅनलायझर जोडताना पॅनेल बंद मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर आर्क फ्लॅशला (विजेच्या स्फोटक ठिणगीला) योग्य कपडे, हातमोजे, फेस शील्ड, आणि शेजारी दुसरा माणूस. आतल्या वितरण पॅनेलवर निदान कॅट ३ आणि सप्लाय जिथे आत येतो तिथे कॅट ४ सुरक्षा दर्जाचं उपकरण व फ्यूज असलेल्या लीड. पॅनेलमधल्या कायमच्या सीटीचं (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरचं) सेकंडरी सर्किट कधीही उघडायचं नाही. चालू करंटवर ते उघडलं की तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. त्याच्या वायरवर क्लॅम्प (वायरभोवती बसणारा, करंट मोजणारा चिमटा) लावा आणि सीटी रेशो, म्हणजे तो करंट किती पटीने उतरवतो तो आकडा, सेटिंगमध्ये भरा. कपॅसिटर बंद केल्यावर निदान पाच मिनिटं थांबा आणि तरीही मीटरने तपासल्याशिवाय हात लावू नका.

प्रत्येक क्लॅम्पवर बाण असतो, तो लोडकडे. लवचिक रोगोव्स्की कॉइल (क्लॅम्पचाच एक प्रकार) जाड बसबारभोवती, म्हणजे वीज वाटणाऱ्या पट्टीभोवती, सहज बसते, पण तीन हजार अँपिअरच्या रेंजवर वीस अँपिअर मोजायला लावली तर ती काहीही सांगते. जोडणी झाली की फेजर डायग्राम (व्होल्टेज-करंटचे कोन दाखवणारं चित्र) बघा: तीन व्होल्टेज १२० अंशांवर, प्रत्येक करंट आपल्याच व्होल्टेजच्या जवळपास, तिन्ही फेजचे किलोवॅट धन. एका फेजचे किलोवॅट ऋण दिसले तर क्लॅम्प उलटा आहे किंवा फेज अदलाबदल झाले आहेत. ही दोन मिनिटं वाचवणाऱ्याचा पूर्ण आठवडा वाया जातो. माझा गेला आहे.

एकच उपकरण असेल तर ते कुठे लावायचं? जिथे दुखतंय तिथे, म्हणजे ट्रिप होणाऱ्या मशीनच्या टर्मिनलवर. मग एकेक पायरी वर: फीडर, मुख्य बस, इनकमर (सप्लाय जिथे आत येतो ती जागा). दोन असतील तर एक मशीनवर आणि एक इनकमरवर, एकाच वेळी.

साध्या क्लॅम्प मीटरवर विसंबू नका. स्वस्त मीटर सरासरी मोजतो आणि लाट शुद्ध साइन आहे असं समजून १.११ ने गुणतो. ड्राइव्हचा करंट दोन टोकदार कुबडांचा असतो. तिथे असा मीटर खऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्के कमीसुद्धा दाखवू शकतो. मग "करंट तर कमीच आहे, केबल का तापते?" हा प्रश्न उभा राहतो. ट्रू आरएमएसचाच, म्हणजे लाट कशीही असली तरी तिचं खरं परिणामी मूल्य मोजणारा, मीटर घ्या.

अ‍ॅनलायझर आयईसी ६१०००-४-३० या मोजणीच्या मानकातल्या 'ए' वर्गाचा असेल तर दोन वेगळ्या उपकरणांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. सेटिंगमध्ये दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. कल बघायला दहा मिनिटांची सरासरी पुरते. घटना पकडायला मात्र एका सायकलचा आरएमएस, दर अर्ध्या सायकलला नव्याने काढलेला, लागतो. त्याची मर्यादा खाली ९० टक्के, वर ११० टक्के ठेवा. दहा मिनिटांत ५० हर्ट्झच्या तीस हजार सायकली असतात. त्यातल्या पाच सायकली व्होल्टेज निम्म्यावर आलं तर सरासरीत त्याचा मागमूस राहत नाही, मशीन मात्र बंद पडलेलं असतं. मोजणी पूर्ण सात दिवस ठेवा, सुट्टीच्या दिवसासकट. सुट्टीच्या दिवशी काय सापडतं ते पुढे येईलच.

डिप कुठून आला?

आठवड्याचा डेटा उतरवल्यावर मी आधी डिप बघते आणि प्रत्येकासमोर वहीतली नोंद ठेवते. एकच प्रश्न: व्होल्टेज पडलं त्या क्षणी माझ्या क्लॅम्पमधला करंट काय करत होता? व्होल्टेज पडताना करंट उसळला असेल तर कारण क्लॅम्पच्या पुढे, लोडच्या बाजूला आहे. व्होल्टेज पडलं आणि करंटही पडला किंवा जागच्या जागी राहिला, तर कारण मागे, सप्लायच्या बाजूला.

एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डिंगची तीन मशीनं दिवसातून चारदा थांबायची आणि सगळे वीजपुरवठ्याला शिव्या द्यायचे. इनकमरवर व्होल्टेज जेमतेम दोन-तीन टक्के हललेलं. मशीनच्या पॅनेलला वीज देणाऱ्या फीडरवर मात्र ३९८ वरून ३३५, आणि त्याच क्षणी करंट जवळपास पाचपट. वहीत लिहिलं होतं, 'चिलरचा पंप लावला'. त्याच लांब केबलच्या टोकाला नंतर कुणीतरी ७५ किलोवॅटची मोटर थेट स्टार्टरवर जोडली होती. पंप दुसऱ्या फीडरवर हलवला, सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) बसवला, विषय मिटला.

डिप बाहेरून येत असेल तर तो तुम्ही थांबवू शकत नाही, तेव्हा मशीनला तो सोसायला शिकवायचं. अख्ख्या कारखान्याला यूपीएस लावायचा विचार सोडून द्या. मशीनमध्ये सर्वांत आधी मान टाकते ती कंट्रोलची बाजू: एसी कॉइलचे छोटे रिले आणि कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच). कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या जागी चांगला २४ व्होल्ट डीसी पॉवर सप्लाय, किंवा फक्त कंट्रोलपुरता छोटा यूपीएस, किंवा कॉन्टॅक्टरच्या कॉइलला काही क्षण धरून ठेवणारं उपकरण. पुष्कळदा एवढ्याने भागतं. ड्राइव्हमध्ये फिरत्या मोटरची ऊर्जा वापरून तग धरण्याचं आणि फिरती मोटर पुन्हा पकडण्याचं सेटिंग असतं. बनवणाऱ्याकडून येताना ते बहुधा बंद असतं. मोटरला अचानक वेग घेऊ देणं सुरक्षित आहे ना, एवढं पाहून ते चालू करा. नवं मशीन मागवताना डिप सोसण्याची क्षमता लेखी मागा. सेमिकंडक्टर उद्योगाचं सेमी एफ४७ हे मानक मापाला चांगलं आहे: व्होल्टेज ५० टक्क्यांवर ०.२ सेकंद, ७० टक्क्यांवर ०.५ सेकंद, ८० टक्क्यांवर १ सेकंद, आणि मशीन चालूच राहिलं पाहिजे.

असमतोल, पटकन

तीन फेजच्या व्होल्टेजची सरासरी काढा, सरासरीपासून सर्वांत लांबचा फरक घ्या, सरासरीने भागा. ४००, ३९६, ३८६ असेल तर सरासरी ३९४, फरक ८, असमतोल २ टक्के. किरकोळ वाटतो. पण मोटरच्या करंटमध्ये तो सहा ते दहा पटीने उमटतो. मोटरांसाठीच्या नेमा एमजी १ या मानकाप्रमाणे १ टक्क्यावर गेलं की मोटरची क्षमता कमी धरायची आणि ५ टक्क्यांवर मोटर चालवायचीच नाही. कारण नव्वद टक्के वेळा साधं असतं (हा माझा अंदाज, मोजदाद नव्हे): एका फेजवर गोळा झालेले सिंगल फेज लोड, किंवा एका फ्यूजचा सैल जोड.

हार्मोनिक्स: घाबरण्याआधी भागाकार

साधा सहा-पल्स ड्राइव्ह पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक करंट ओढतो (पाचवा म्हणजे ५० हर्ट्झच्या पाचपट, तसेच बाकीचे). कॉम्प्युटर, एलईडी दिवे, छोटे पॉवर सप्लाय तिसरा ओढतात, आणि तिसऱ्याची खोड अशी की तो न्यूट्रलमध्ये रद्द होत नाही, बेरीज होतो. प्रत्येक फेजमध्ये तिसरा २० अँपिअर असेल, तर तिन्ही फेज अगदी समतोल असूनही न्यूट्रलमधून ६० अँपिअर वाहतात. न्यूट्रलवर क्लॅम्प लावल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं मी मानत नाही.

आता टीएचडीचा, म्हणजे मूळ लाटेच्या तुलनेत एकूण हार्मोनिक किती टक्के याचा, सापळा. एका व्यवस्थापकाने मला घाबऱ्या आवाजात सांगितलं, करंटची टीएचडी ७८ टक्के आहे, विक्रेता म्हणतो ताबडतोब फिल्टर लावा. आलेख पाहिला, आकडा सुट्टीच्या रात्रीचा होता. मूळ करंट ४० अँपिअर, त्याचे ७८ टक्के म्हणजे ३१ अँपिअर हार्मोनिक. त्या कारखान्याचा कमाल मागणीचा करंट ९०० अँपिअर. ३१ ला ९०० ने भागलं तर साडेतीन टक्केही होत नाहीत. कमाल मागणीच्या करंटने भागून येणाऱ्या याच आकड्याला टीडीडी म्हणतात आणि आयईईई ५१९ या मानकातल्या करंटच्या मर्यादा टीडीडीवर आहेत. शिवाय त्या सप्लाय आणि ग्राहक यांच्या जोडबिंदूला लागू होतात, प्रत्येक ड्राइव्हच्या टर्मिनलला नव्हे. शॉर्ट सर्किट करंट कमाल करंटच्या २० पटीपेक्षा कमी असेल तर मर्यादा ५ टक्के, २० ते ५० पट असेल तर ८ टक्के, आणि सिस्टम जितकी दणकट तितकी सूट वाढत जाते. व्होल्टेजची टीएचडी १ केव्हीपर्यंत ८ टक्के आणि कुठलाही एक हार्मोनिक ५ टक्के. त्यावर ६९ केव्हीपर्यंत ५ आणि ३ टक्के.

मी स्वतः करंटच्या आधी व्होल्टेजची टीएचडी बघते. शेजारच्या मशीनला त्रास होतो तो बिघडलेल्या व्होल्टेजमुळे.

कपॅसिटर बँक

इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण सर्वांत महागड्या चुका इथेच होतात. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एक रेझोनन्स, म्हणजे एखाद्या ठरावीक हार्मोनिकला फुगवणारी अवस्था, तयार होतो. तो कितव्या हार्मोनिकवर आहे हे काढायला शॉर्ट सर्किट केव्हीएला (त्या जागी सप्लायच्या ताकदीला) कपॅसिटरच्या केव्हीएआरने (त्यांच्या क्षमतेने) भागा आणि वर्गमूळ घ्या. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता सुमारे २०,००० केव्हीए. त्यावर ४०० केव्हीएआर चालू असतील तर भागाकार ५०, वर्गमूळ ७.०७. म्हणजे बरोब्बर सातव्यावर! ड्राइव्ह सातवा ओढणार, बँक त्याला खतपाणी घालणार.

एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या केव्हीएपैकी खरं काम करणारा वाटा, राखायला कपॅसिटर आपोआप जोडणारं-काढणारं) पायऱ्यांनी चालतं, त्यामुळे रेझोनन्सही चालत राहतो: २०० केव्हीएआरला दहावा, ३०० ला सव्वाआठवा, ४०० ला सातवा. म्हणूनच "फ्यूज कधीकधीच उडतात" असं लोक सांगतात. तपासणी सोपी आहे. बहुतेक ड्राइव्ह चालू असताना पॅनेल हाताने चालवा, एकेक पायरी वाढवा, दर पायरीला दोन मिनिटं थांबा आणि पाचवा, सातवा, अकरावा व्होल्टेजमध्ये किती आहे ते लिहा. एखाद्या पायरीवर आकडा उडी मारेल. अशीच तपासणी सुट्टीच्या दिवशी करा. हीटर आणि मोटर बंद असल्याने त्या उसळीला आवरणारं काही नसतं, आणि कंट्रोलर बिघडल्याने पॅनेल हाताने चालवायच्या मोडवर ठेवलेलं असेल तर सगळ्या पायऱ्या बसला चिकटलेल्या असतात. एका ठिकाणी दर सोमवारी सकाळी दोन फुगलेले कपॅसिटर सापडायचे, त्यामागे हेच होतं.

उपाय म्हणजे प्रत्येक पायरीतल्या कपॅसिटरला जोडलेली कॉइल, म्हणजेच डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर. ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर रेझोनन्सला ५० हर्ट्झच्या सिस्टमवर १८९ हर्ट्झला, म्हणजे पाचव्याच्या खाली, आणून ठेवतो. तिसरा जोरात असेल तर १४ टक्क्यांचा, १३४ हर्ट्झचा घ्या. पण रिअ‍ॅक्टर आला की कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढतं: ४०० भागिले ०.९३, म्हणजे ४३० व्होल्ट, वर हार्मोनिक्सचं वेगळं. म्हणून कपॅसिटर ४८० किंवा ५२५ व्होल्टचे लागतात. ५२५ व्होल्टचा ५० केव्हीएआरचा कपॅसिटर ७ टक्के रिअ‍ॅक्टरसह ४०० व्होल्टवर फक्त ३१ केव्हीएआरच्या आसपास देतो. हा हिशेब न करता ऑर्डर देणाऱ्यांचा पॉवर फॅक्टर पॅनेल बदलल्यावर घसरतो आणि ते रिअ‍ॅक्टरला दोष देतात. एकाच बसवर काही पायऱ्या रिअ‍ॅक्टरच्या आणि काही साध्या, असं मिश्रण ठेवू नका.

पॉवर फॅक्टर सुधारत नाही म्हणून कपॅसिटर वाढवत जाणारेही भेटतात. करंटची टीएचडी ७५ टक्के असेल तर कोसाइन फाय (फक्त मूळ लाटेचा पॉवर फॅक्टर) ०.९८ असूनही खरा पॉवर फॅक्टर ०.७८ च येतो. तिथे हार्मोनिक कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता खरेदी

माझा क्रम ठरलेला आहे. जोड घट्ट करणं आणि लोड वाटून देणं पहिलं. मग मोठ्या मोटर एकदम सुरू होणार नाहीत अशी वेळेची आखणी. मग चोक नसलेल्या ड्राइव्हना ३ टक्क्यांचा लाइन चोक. हा साधा लोखंड-तांब्याचा गोळा करंटची टीएचडी जवळजवळ निम्म्यावर आणतो आणि कपॅसिटर चालू होतानाच्या उसळ्यापासून ड्राइव्हलाही वाचवतो. दोन ट्रान्सफॉर्मर असतील आणि दोन्हींवर सारखेच ड्राइव्ह असतील, तर एक डेल्टा-स्टार आणि एक डेल्टा-डेल्टा (वाइंडिंगच्या जोडणीचे दोन प्रकार) ठेवून पाचवा-सातवा वरच्या बाजूला बराचसा रद्द करता येतो. लोड सारखे नसतील तर हा नाद सोडा.

एवढं करून पुन्हा मोजा. अजूनही मर्यादेबाहेर असेल तर अ‍ॅक्टिव्ह फिल्टर. तो उलटा करंट सोडून हार्मोनिक खोडतो. तो टक्क्यांत मागू नका, अँपिअरमध्ये मागा: भर शिफ्टमधला हार्मोनिक करंट आणि वर थोडी सवड. शेजारी रिअ‍ॅक्टर नसलेले कपॅसिटर असतील तर आधी त्यांची व्यवस्था लावा, नाहीतर दोघांची जुंपते. सुरू करताना सीटीची दिशा स्वतः बघा. मी एका नव्या फिल्टरवर मोजलं तेव्हा तो चालू केला की टीएचडी वाढायची, बंद केला की उतरायची. एक सीटी उलटा होता, आणि बसवणारा बिल देऊन निघून गेला होता.

काम झाल्यावर दुसरी मोजणी त्याच जागी, त्याच सेटिंगने, पुन्हा सात दिवस, उत्पादनही साधारण तेवढंच असताना. अर्ध्या लोडवर घेतलेला 'नंतरचा' आलेख कुणी दाखवला तर सरळ परत करा. इनकमरवर कायमचा मीटर असेल तर व्होल्टेज टीएचडीचा इशारा ६ टक्क्यांवर लावून ठेवा. सिंगल लाइन डायग्रामची पेनाने दुरुस्त केलेली प्रत नीट काढून एपीएफसी पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, आणि तिच्या कोपऱ्यात ते वर्गमूळ लिहा, पायरीवार. नवा ड्राइव्ह किंवा नवी पायरी आली की इलेक्ट्रिशियनने आधी तो कोपरा बघायचा. वही मशीनपाशीच राहू द्या. भरली की दुसरी.